सगळं बदलत असताना नवे पीटी उस्ताद कसे तयार करायचे

फौजेत पीटी उस्ताद, म्हणजे कसरत शिकवणारा इन्स्ट्रक्टर, तयार करायची पद्धत ठरलेली होती. युनिटमधला चांगला पोरगा निवडायचा, पुण्याच्या आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल ट्रेनिंगला कोर्सला पाठवायचा, परत आला की सीनियर उस्तादाच्या मागे उभा करायचा आणि बघत बघत तो शिकायचा. आता तेवढा निवांतपणा राहिला नाही. १४ जून २०२२ ला अग्निपथ जाहीर झालं, भरती होणाऱ्या पोराची सगळी सेवा चार वर्षांची आणि ट्रेनिंगचे महिनेसुद्धा त्यातच धरलेले, पुढे जास्तीत जास्त २५ टक्के पोरं कायम होणार. मुली जवान म्हणून यायला लागल्या, टेस्टची धोरणं बदलतायत, आणि या सगळ्याच्या मधे उभा असतो तो २४-२५ वर्षांचा नवा उस्ताद, ज्याच्या हातात कालचा चार्ट आहे आणि समोर आजचा स्क्वाड.

मी स्वतः फौजेत उस्ताद होतो, आता मुंबईत असतो आणि नव्या इन्स्ट्रक्टर पोरापोरींना शिकवतो, कुणी युनिटमधले, कुणी एनसीसी कॅम्पवाले, कुणी भरती ॲकॅडमीतले. ज्यांच्यावर असे इन्स्ट्रक्टर घडवायची जबाबदारी येऊन पडलीय त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं म्हणणं एकच आहे, की बदलाच्या काळात नव्या उस्तादाला चार्ट पाठ करायला लावू नका, त्याला अंग वाचायला शिकवा. चार्ट पुढच्या वर्षी बदलेल पण पोराची नडगी, गुडघा आणि श्वास तोच राहणार आहे.

पहिलं काम कागदावरचं. नव्या बॅचला बसवा आणि आतापर्यंत चालत आलेल्या टेस्टमधली एकेक आयटम लिहायला सांगा, बीपीईटी (बॅटल फिजिकल एफिशियन्सी टेस्ट) मधली ५ किलोमीटर, ६० मीटर, उभा दोर, आडवा दोर, ९ फुटी डिच म्हणजे उडी मारून पार करायचा खड्डा, पीपीटी (फिजिकल प्रोफिशियन्सी टेस्ट) मधली २.४ किलोमीटर, चिनअप, सिटअप वगैरे, आणि प्रत्येकीसमोर फक्त एवढंच लिहायला लावा की ही कशासाठी आहे. बरेच जण इथेच अडकतात. डिच कशासाठी तर म्हणतात पास व्हायला! असं नाही बाबांनो, डिचमधे पायाची ताकद आहे, धावता धावता पाऊल मोजणं आहे, धीर आहे आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उतरणं आहे. उद्या कुणी टेस्टमधून डिच काढली तरी गाडीतून उडी मारून उतरायचंच आहे ना जवानाला, म्हणजे उतरणं शिकवावंच लागणार.

याचं बाहेरचं उदाहरण अमेरिकन आर्मीचं आहे, मी दरवेळी सांगतो. त्यांची जुनी टेस्ट १९८० पासून चालू होती, पुशअप, सिटअप आणि दोन मैल धावणं. मग एसीएफटी आणली, सहा इव्हेंटची, त्यात बारला लटकून गुडघे कोपरापर्यंत न्यायचा एक प्रकार होता, लोकांनी त्याची तयारी केली आणि २०२२ मधे तो काढून त्या जागी प्लँक आला. १ जून २०२५ पासून परत नाव बदललं, वजनाचा बॉल मागे फेकायचा इव्हेंट गेला, पाच राहिले. आता ज्या इन्स्ट्रक्टरने फक्त तो लटकायचा प्रकार घोकून घेतला असेल त्याचे महिने वाया गेले, आणि ज्याने पोट, पाठ आणि पकड मजबूत करून घेतली त्याच्या पोरांना प्लँकचं काहीच वाटलं नसणार. तुमच्या बॅचला हे समजलं की टेस्ट बदलायची भीती अर्धी जाते.

आता माणूस कुठला निवडायचा. सगळे पहिला नंबर काढणाऱ्याला उचलतात आणि मला ते पटत नाही. जो जन्मतःच वेगात धावतो त्याला मागे राहिलेल्याचं काय दुखतंय ते बऱ्याचदा दिसतच नाही. रन संपल्यावर कोण वळून मागच्यांकडे बघतो ते बघा, कोण दुसऱ्याचा बूट सैल झालेला टिपतो ते बघा, तो तुमचा उस्ताद. १८६० मधे ब्रिटिश आर्मीने क्रिमियाच्या युद्धानंतर, सैनिकांच्या तब्येतीचे हाल बघून, पहिल्यांदा पीटी इन्स्ट्रक्टर तयार करायचे ठरवले तेव्हा मेजर हॅमर्सलीबरोबर १२ एनसीओ (हवालदार, नाईक अशा हुद्द्याचे) ऑक्सफर्डला आर्चिबाल्ड मॅकलरेनकडे पाठवले. ते बारा जण वयाने, उंचीने, बांध्याने एकमेकांपेक्षा वेगळे होते. मॅकलरेनने काय केलं तर प्रत्येकाची मापं घेतली, छाती, दंड, वजन, आधी आणि नंतर, आणि काही महिन्यांत कित्येकांना त्यांचे युनिफॉर्म अंगात जाईनात. सगळ्यांना एकच छडी न लावता प्रत्येकाचं माप घेणं ही गोष्ट तेव्हा नवीन होती आणि खरं सांगायचं तर कितीतरी ग्राउंडवर ती अजूनही नवीनच आहे. म्हणून प्रत्येक नव्या इन्स्ट्रक्टरच्या हातात पहिल्या दिवशी वही द्या, शिटी नंतर.

वहीवाला आणि शिटीवाला ही जोडी मी सगळीकडे लावायला सांगतो. एका स्क्वाडवर दोन जण, एकाने कमांड द्यायची, दुसऱ्याने तोंडातून अवाक्षर न काढता फक्त बघायचं आणि लिहायचं, दुसऱ्या दिवशी अदलाबदल. कमांड देणाऱ्याचं सगळं लक्ष आवाजात आणि वेळेत जातं, त्यामुळे बघणं वेगळं शिकवावं लागतं. आणि हे बघणं शिकवायला जुने सीनियर उस्ताद लागतात, त्यांना बाजूला टाकू नका. बदल आला की सगळ्यात आधी त्यांनाच वाटतं की आपली गरज संपली, मग ते गप्प होतात नाहीतर आमच्या वेळी असं होतं तसं होतं सुरू करतात. त्यांना नवीन एक्सेल शीट भरायला बसवू नका, ते पोरं करतील. त्यांना ग्राउंडच्या कडेला खुर्ची द्या आणि म्हणा उस्ताद, यातल्या कुणाचं काय बिनसलंय ते या पोरांना दाखवा. ज्या माणसाने वीस वर्षं रिक्रूट बघितलेत तो लांबून चालीवरून सांगतो की याला ताप येणार आहे.

एकदा मालवणीच्या बाजूला एका मैदानावर डिचची प्रॅक्टिस चालू होती. दापोलीकडची एक मुलगी इन्स्ट्रक्टरचं शिकत होती, हुशार पोरगी. एक पोरगा धावत आला आणि आरामात पार गेला, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तिला विचारलं काय बघितलंस. म्हणाली, पार गेला उस्ताद, चांगला एक फूट पुढे पडला. म्हटलं, तू बघत कुठे होतीस? म्हणाली, खड्ड्याकडे. तिला पलीकडच्या काठाला उकिडवं बसवलं, डोळे गुडघ्याच्या उंचीवर, आणि त्याच पोराला परत उडी मारायला लावली. ती काही बोलली नाही. तिसऱ्या उडीला म्हणाली, उस्ताद, याचा डावा गुडघा आत वळतोय, आणि टाच आधी आपटतेय, आवाज येतोय बघा. तिथेच तिने त्याला ठरलेल्या उड्या थांबवून छोट्या बाकावरून हळू उतरायला लावलं, चवड्यावर, गुडघा अंगठ्याच्या रेषेत, आवाज न करता. हे तिला मी सांगितलं नव्हतं. फोनवर स्लो मोशन काढूनही हेच दाखवता येतं आणि जरूर दाखवा, पण आधी डोळा तयार होऊ दे.

नडगीवर मी जास्त वेळ घालवतो कारण रिक्रूट सगळ्यात जास्त तिथेच मोडतो. भरतीचा पोरगा बघा, त्याने वर्ष दीड वर्ष कशाची तयारी केलेली असते तर १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत, म्हणजे ६० मार्क, आणि दहा बीम (पुलअप), म्हणजे ४०. अंगावर बनियन, हलके शूज, बहुतेक मातीचं ग्राउंड. तोच पोरगा सेंटरला आला की बूट, रायफल, पिठ्ठू (पाठीवरची बॅग), डांबर, परेड, आणि दिवसभर उभं राहणं. त्याचा दम भारी असतो, म्हणून नवा उस्ताद खूष होतो आणि भार वाढवतो, पण दम काही आठवड्यांत वाढतो आणि हाडाला महिने लागतात. नवीन भार पडला की हाड आधी थोडं झिजतं, मग भरून येतं, त्या मधल्या काळात विश्रांती मिळाली नाही की बारीक चीर पडते, स्ट्रेस फ्रॅक्चर. ट्रेनिंगचा काळ कमी झाला की वरून प्रेशर येतं की लवकर तयार करा, आणि ते प्रेशर थेट नडगीवर उतरतं. त्यामुळे नव्या इन्स्ट्रक्टरला आठवड्याचा प्लॅन बनवताना फक्त पीटीचा तास धरू देऊ नका. परेड, वेपन ट्रेनिंगला जाणं येणं, मेसपर्यंत डबल मारत जाणं, शिक्षा म्हणून मारलेले राउंड, सगळे किलोमीटर एकत्र लिहायला लावा. आकडा बघून बहुतेकांचे डोळे उघडतात, त्यांना वाटत असतं पोरं रोज चार किलोमीटर धावतायत आणि पायावर पडलेले असतात दहा.

आणि इथे अग्निपथची एक गोष्ट नीट समजून घ्या. चारातला एकच राहणार हे प्रत्येक पोराला माहितीय. त्यामुळे दुखणं लपवलं जातं. आधीही लपवायचे पण आता जास्त लपवतात, गोळी खाऊन पळतात. म्हणून विचारून उत्तर मिळणार नाही हे धरूनच नव्या उस्तादाला शिकवा. जिना उतरताना बघा, चढताना कळत नाही पण उतरताना नडगीवाला कठडा पकडतो. फॉलआउट झाल्यावर, म्हणजे स्क्वाड सोडल्यावर, पहिली पाच मिनिटं बघा, तेव्हा नाटक सुटतं. संशय आला तर एका पायावर हलक्या उड्या मारायला सांगा, नाहीतर नडगीच्या हाडावर बोट फिरवा, सगळीकडे सरसकट दुखत असेल तर एक वेळ भार कमी करून बघता येईल, पण बोटाच्या टोकाएवढ्या जागी कळ निघाली तर त्याच दिवशी एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, पाठवायचं, उद्यावर टाकायचं नाही. आणि परत आल्यावर त्या पोराला चारचौघांत लंगडा म्हणायचं नाही. एकदा म्हटलं की पुढचे सगळे लपवणार.

मुलींच्या ट्रेनिंगबद्दल नवे इन्स्ट्रक्टर दोन टोकांना जातात, एक तर फुलासारखं जपतात नाहीतर काहीच फरक नाही म्हणून तोच चार्ट लावतात. मे २०२१ मधे बेंगळुरूला मिलिटरी पोलिसांच्या ८३ महिला जवानांची पहिली बॅच पास आउट झाली, मार्च २०२३ मधे ओडिशातल्या चिल्काच्या नौदलाच्या अग्निवीरांच्या पहिल्या बॅचमधे २७३ मुली होत्या, मे २०२५ मधे खडकवासल्याहून एनडीएच्या पहिल्या १७ मुली बाहेर पडल्या, म्हणजे मुलींना जमतं का हा प्रश्न आता विचारायचा राहिलेला नाही, शिकवणाऱ्याला जमतं का एवढंच बघायचं. सारख्या ट्रेनिंगमधे मुलींना स्ट्रेस फ्रॅक्चर मुलांपेक्षा जास्त होतात हे वेगवेगळ्या देशांच्या फौजांमधे दिसलेलं आहे, आणि त्याचं एक साधं कारण पावलाची लांबी आहे. पाच फुटाची मुलगी पावणेसहा फुटाच्या पोराच्या पावलाशी पाऊल जुळवायला गेली की प्रत्येक पाऊल ताणलं जातं, कंबर आणि जांघेवर भार येतो. रूट मार्चमधे कमी उंचीवाले पुढे ठेवा, पावलाची लांबी त्यांच्यावरून ठरू दे, वेग हवा असेल तर पावलं पटापट पडू देत. दुसरं, हिमोग्लोबिन आणि खाणं. पाळी अनियमित झाली किंवा थांबली तर ते हाडासाठी धोक्याचं आहे, हे पुरुष उस्तादालासुद्धा न लाजता माहिती पाहिजे आणि त्या मुलीला कुणाशी बोलायचं ती व्यक्ती पहिल्याच दिवशी ठरवून द्यायची.

मुंबईत शिकवताय तर हवा हा वेगळाच विषय आहे. इथे पारा ३३ दाखवतो आणि बाहेरून आलेला माणूस म्हणतो हे काय ऊन, पण दमटपणामुळे घाम वाळतच नाही, अंगावरून नुसता वाहतो, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. म्हणून नुसतं तापमान बघू नका, डब्ल्यूबीजीटी (वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर) बघायला शिकवा, त्यात ऊन, दमटपणा, वारा सगळं धरलेलं असतं. अमेरिकन फौजेत हा आकडा ३२.२ अंशांच्या वर गेला की काळा झेंडा लागतो आणि जरुरीची नसलेली पीटी बंद होते. मे महिन्यात आणि ऑक्टोबर हीटमधे सकाळी साडेपाचला सुरू करून ऊन वर यायच्या आत संपवा. साताऱ्या-सांगलीच्या कोरड्या हवेतून आलेल्या पोराला इथे पहिले दहा ते चौदा दिवस सवय होऊ द्या, त्या दिवसांत टायमिंग घ्यायचंच नाही.

उष्माघाताबद्दल एक चुकीची समजूत अजून चालते की अंग कोरडं पडलं तरच उष्माघात. पळता पळता होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असतो. ओळख डोक्यावरून करायची, नाव विचारा, आज वार कोणता विचारा, बडबडायला लागला, चिडला, झोकांड्या जायला लागल्या की वेळ घालवायचा नाही. आधी थंड करायचं आणि मग हलवायचं. ताडपत्रीत झोपवा, चौघांनी कडा धरा, बर्फाचं पाणी ओता आणि ते हलवत राहा, अँब्युलन्स येईपर्यंत. लांब पल्ल्याच्या रनच्या दिवशी कोळीवाड्यातून किंवा मासळी बाजारातून बर्फाची लादी आधीच आणून ठेवायची, हे काम नव्या उस्तादाच्या नावाने लिहून ठेवा. आणि नंदुरबार, गडचिरोलीकडच्या आदिवासी पट्ट्यातली पोरं असतील तर सिकलसेलची तपासणी झालीय का ते डॉक्टरांना विचारा, वाहक असलेला पोरगा एरवी एकदम फिट दिसतो पण उन्हात, तहानलेला असताना सलग जोर लावला की कोसळू शकतो.

पाऊस सुरू झाला की जूनपासून ग्राउंड गेलंच समजा. तेव्हा नवे इन्स्ट्रक्टर समुद्रावर धावतात, जुहू, अक्सा, गिरगाव. चालेल, पण पावसाळ्यातली लाट आणि भरतीची वेळ बघून, पाण्यापासून लांब, आणि ओहोटीच्या घट्ट वाळूत. मऊ वाळूत पोटरी आणि टाचेची शीर ओढली जाते. शिवाय किनारा पाण्याकडे उतरता असतो, एकाच दिशेने धावलं की रोज एकच पाय खालच्या बाजूला पडतो, म्हणून अर्ध्यावर वळून यायचंच. जहाजावर जाणाऱ्या इन्स्ट्रक्टरला तर डेकवरच्या थोड्या जागेत तीस जण कसे हलवायचे हे आधी जमिनीवर खडूने चौकोन आखून करायला लावा.

रगडा, म्हणजे शिक्षा म्हणून अंग मोडेपर्यंत कसरत. यावर मी स्पष्ट बोलतो. शिस्त पाहिजे, फौज आहे ती. पण पाचशे हजार बैठका मारायला लावणं हे ट्रेनिंग नाही. स्नायू फुटून त्यातला घटक रक्तात उतरतो, दुसऱ्या दिवशी कोऱ्या चहासारखी लघवी होते आणि किडनी जाऊ शकते. नव्या उस्तादाला हे रंगासकट सांगा. बदलाच्या काळात रगडा वाढतो हे मी बघितलंय, कारण उस्तादालाच नवीन नियम नीट माहिती नसतो आणि मग तो आवाजाने आणि बैठकांनी ती जागा भरतो. म्हणून नियम काय आलाय ते दर सोमवारी पाच मिनिटं सगळ्यांसमोर वाचा, जे अजून ठरलं नाही ते ठरलं नाही असं सांगा. पोरं एवढ्यावरच बरीच शांत होतात.

शेवटची परीक्षा मी अशी घेतो. इन्स्ट्रक्टरला आदल्या दिवशी सांगायचं, ४० मिनिटांचा प्लॅन, तीस जण, मोकळं ग्राउंड. दुसऱ्या दिवशी सुरू करून दहा मिनिटं झाली की त्याला सांगायचं, ग्राउंड गेलं, शेडखाली जा, वेळ वीस मिनिटं, आणि या दोघांकडे एमआय रूमची चिठ्ठी आहे. मग काही बोलायचं नाही. कूलडाउन गिळून मेन काम तसंच ठेवतो का, ओल्या लादीवर उड्या लावतो का, चिठ्ठीवाल्या दोघांना कोपऱ्यात उभं करतो का त्यांच्यासाठी हाताचं, पोटाचं काही काढतो, आवाज चढतो का, आणि संपल्यावर माणसं मोजतो का. प्लॅन सुंदर होता की नाही याला मी फार मार्क देत नाही.

स्क्वाड सोडल्यावर त्याला बाजूला घेऊन एकच विचारायचं, उद्या सकाळी यातल्या कुणावर लक्ष ठेवशील, नावं सांग आणि कारण सांग. तीन नावं कारणासकट आली तर त्याला शिटी द्या. नाही आली तर आणखी एक आठवडा वहीवाला म्हणून उभा करा आणि पुढच्या शनिवारी परत विचारा.